ऐकू आलं का

भिंतीपलीकडून ‘मशीन’ हा शब्द आला आणि बुद्धभूषणच्या कपातला चहा बशीत सांडला. शब्द तसा साधाच. शिवणाची मशीन, पिठाची मशीन, कपडे धुवायची मशीन. जालन्यात दिवसभर तो कानावर आदळत असतो आणि कुणाचा चहा सांडत नाही. पण शेजारच्या शालूवहिनी म्हणत होत्या, “बाबांची मशीन बंद पडली वाटतं. बाबा, ओ बाबा, ऐकू आलं का?” मशीन आणि बंद हे दोन शब्द जोडीनं आले होते. कप खाली ठेवून तो अंगणातल्या कठड्याशी गेला. अंबड चौफुलीच्या पुढची ही नवी वसाहत, घरं एकमेकांना चिकटलेली, दोन घरांत मिळून एक भिंत. पलीकडच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. धोतर, बंडी, डोक्यावर टोपी नव्हती म्हणून कान जास्तच दिसत होते. म्हातारपणी माणसाचं सगळं आटतं, कान तेवढे वाढतात. एका कानात मातकट रंगाचं बोंडाएवढं यंत्र होतं आणि म्हातारा ते बोटानं टिचकवत होता. खत-बियाणांचं दुकान चालवणारा कल्याण, रोज ‘सर, नमस्कार’ म्हणणारा, दिवाळीला चिवड्याचा डबा पाठवणारा त्याचा सज्जन शेजारी, हा आपल्या गावच्या भुजंग पाटलाचा मुलगा आहे, हे बुद्धभूषणला त्या क्षणी कळलं. कल्याण लहानपणापासून वसतिगृहात वाढलेला. एकमेकांना गाव विचारलं तेव्हा दोघंही ‘भोकरदनकडचे’ म्हणाले होते आणि तेवढ्यावर दोघांनीही थांबणं पसंत केलं होतं. म्हाताऱ्यानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, ओळख नसलेल्या माणसाकडं पाहतात तसं, आणि हात जोडले. बुद्धभूषणचेही हात जोडले गेले. त्याचा त्याला दिवसभर राग येत राहिला.

केदारखेड्याच्या पुढचं त्यांचं गाव. तिथं अॅम्प्लिफायरला मशीनच म्हणत. करड्या पत्र्याची पेटी, पुढं दोन बटणं, एक लाल दिवा, तिला जोडलेला माईक आणि लांब कुठंतरी झाडाला बांधलेला भोंगा. मशीन गावाची होती, आणि गावाची असलेली प्रत्येक वस्तू जशी भुजंग पाटलाच्या ओसरीत राहायची तशी तीही राहायची. भीमजयंती आली की बुद्धभूषणचे वडील तातेराव ती मागायला जात. तातेराव गवंडी. पंचक्रोशीतल्या विहिरींचं आतलं दगडी बांधकाम बहुतेक त्यांच्या हातचं, आणि गळा असा की वर काठावर उभ्या माणसाला विहीरच गातेय असं वाटावं. भुजंग पाटील मशीन देत, नाही म्हणत नसत. मात्र मशीनबरोबर स्वतः येत आणि तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसत. मशीन नाजूक असती, म्हणत. आपल्याच सणात आपल्याच वस्तीत पाटील असा मशीनवर हात ठेवून बसलेला असायचा, आणि त्याच्या हाताखालून जेवढं जाईल तेवढंच गाणं भोंग्यातून बाहेर यायचं. त्या वर्षी तातेरावांनी नवं गाणं रचलं होतं. सांग गं विहिरी, सांग मला, तुझ्या पाण्याची जात कोणती. विहिरीचं नाव गाण्यात नव्हतं, पण ती कोणाची हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पाटलाची विहीर तातेरावांनी बांधली होती. तळापासून वरपर्यंत दगडावर दगड त्यांनी ठेवला होता, आणि त्याच उन्हाळ्यात त्यांच्या बायकोच्या घागरीत पाणी वरून, हात लांब करून ओतलं जात होतं. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं, धृपद परत आलं आणि भुजंग पाटलानं बटण फिरवलं. लाल दिवा गेला.

बुद्धभूषण तेव्हा जालन्याला कॉलेजात होता. मित्राचा सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर मागून आणून वडिलांचं गाणं भरायला गावी आला होता. आणि बसला कुठं, तर मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, लिंबाच्या झाडाखाली, भोंग्याच्या बरोबर खाली. आवाज भोंग्यातून येतो, मग भोंग्याखालीच बसायचं, एवढंच त्याचं तेव्हाचं शहाणपण. माणूस तिकडं गातोय हे त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. भोंगा बंद पडला तेव्हा त्यानं मान वर केली, आधी भोंग्याकडं पाहिलं आणि मग स्टेजकडं. कंदील लागायची वेळ, उजेड अजून पुरता गेलेला नव्हता. लांबवर वडील उभे होते. त्यांचं तोंड हलत होतं. हात वर जात होता, खाली येत होता, मान सुरावर डोलत होती आणि काहीही ऐकू येत नव्हतं. एवढं लांबवर पोचणार तरी कसं, असं त्याला वाटलं. टेपरेकॉर्डर मात्र इमानानं फिरत राहिला. नंतर गावात बोललं गेलं की मशीन बंद झाली तसा तातेराव गप्प बसला. बुद्धभूषणनं भेटेल त्याला विचारलं. मागं बसलेले म्हणाले, तोंड तर हालून राह्यलं होतं, पुढच्यांना ऐकू गेलं असंल. पुढचे म्हणाले, गायला असंल बाबा, गडबडीत ध्यान न्हाई दिलं. पेटी वाजवणारे रामप्रसादकाका विचारलं की बिडी पेटवायचे, आणि पुढच्याच वर्षी गेले. आई, प्रभावती, तापानं फणफणलेल्या त्याच्या धाकट्या बहिणीला, प्रीतीला, घेऊन घरी होती. आणि वडिलांना विचारलं तेव्हा ते थापी धूत होते, धूतच राहिले. म्हणाले, “ते गाणं पुरं झालं, भूषण.” एवढंच. नंतर ते बदनापूरला गायले, घनसावंगीला गायले, जीपमध्ये मांडीवर पेटी घेऊन कुठं कुठं जाऊन गायले, पण ते गाणं पुन्हा त्यांनी तोंडात घेतलं नाही, मरेपर्यंत. पुरं झालं म्हणजे संपवलं त्यांनी, असाच अर्थ मुलानं लावला. गावातल्या एका माणसानं एका बोटानं बापाच्या गळ्यातून एक गाणं कायमचं काढून घेतलं, असा तो अर्थ होता, आणि त्या अर्थावर बुद्धभूषण आजवर जगत आला होता.

ती कॅसेट त्याच्याकडं होती. घरं बदलली, नोकरी लागली, बदनापूरच्या संशोधन केंद्रात तुरीच्या वाणांमागं फिरताना केस गेले, मुलगी पायल शिकायला पुण्याला गेली. कॅसेट कपाटातल्या लोकरीच्या टोपीतून हलली नाही. तिच्यात वडिलांचा आवाज तुटतो तो मोठ्या विचित्र जागी. ‘सांग गं विहिरी, सांग मला, तुझ्या पाण्याची जा’ एवढ्यावर. ‘जात’मधला ‘त’ पाटलाच्या बोटाखाली राहिला आणि गाण्यात उरला नुसता ‘जा’. तरुणपणी बुद्धभूषणला वाटायचं की बापानं आपल्याला सांगितलेलं ते शेवटचं वाक्य आहे. जा. तो गेलाही. गाव सोडलं, पडकं घर मामेभावाला देऊन टाकलं, सणालाही फिरकला नाही. पण तो शब्द कधी वडिलांच्या आवाजात यायचा आणि कधी, अंगात कणकण असली किंवा साहेबानं चारचौघांत पाणउतारा केला असला की, पाटलाच्या. ‘जा’नंतर कॅसेटमध्ये नुसतं सूंऽऽ होतं. त्या सूंऽऽच्या तळाशी बापाचा उघडा, बिनमशीनचा आवाज असला पाहिजे, असं त्यानं धरलं होतं. तोंड हलत होतं म्हणजे आवाज होता. आवाज होता म्हणजे थोडा तरी हवेतून चालत लिंबापर्यंत आला असणार. तो वर काढायचा, एवढाच प्रश्न.

म्हणून अॅम्प्लिफायर. लोकांना वाटायचं, सरांना संगीताचा फार नाद. प्रियदर्शनीला, त्याच्या बायकोला, तसं वाटत नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं हाकून आलेली ती बाई, तिला नाद आणि खाज यांतला फरक कळत होता. “तुम्ही गाणं ऐकत न्हाई,” ती एकदा म्हणाली होती, “गाण्यात हात घालून काहीतरी चाचपून राह्यला.” आधी त्यानं इथल्याच एका मेकॅनिककडून जोडून घेतलेला अॅम्प्लिफायर होता, तो कॅसेटच्या सूंऽऽमध्ये स्वतःची घरघर मिसळायचा. मग एक बऱ्यापैकी स्टीरिओ आला. त्यावर ‘जा’नंतर कुणीतरी खोकल्याचं सापडलं आणि त्या खोकल्यानं तो महिनाभर हरखून गेला होता. तो खोकला आता त्याच्या ओळखीचा झाला होता. मग रेडिओवरची जुनी गाणी, शास्त्रीय गाणं, काय काय लावून तो कान तयार करत राहिला, आणि खरोखरच कधी तंबोऱ्याचा खर्ज खोलीत नीट उतरला की त्याला बरं वाटायचं, साधं बरं, कुणाविरुद्ध नसलेलं. पण ते फार टिकायचं नाही. भुजंग पाटील भिंतीपलीकडं राहायला आला त्याच आठवड्यात तो संभाजीनगरला प्रितमच्या दुकानात गेला. परदेशी जुने संच आणून विकणारा हा प्रितम त्याला चांगला ओळखायचा. बुद्धभूषण म्हणाला की आता फक्त ताकदीसाठी वेगळा अॅम्प्लिफायर हवा, दोन हातांनी उचलावा लागेल असा, भिंत थरथरली पाहिजे. प्रितम हसला. सर, म्हणाला, तुमच्या खोलीला एवढा कशाला, खोली म्हणजे काय मैदान हाय का. बुद्धभूषण मैदान म्हणाला नाही, पण त्याला ते दिसलं.

संच लागला. काळी, जड, मागं उष्णता जायला पन्हाळी असलेली पेटी, चालू केली की तापायची आणि खोलीत गरम धातूचा वास यायचा. आवाजात खरंच फरक पडला. खोटं कशाला बोला. वडिलांचा आवाज आधी स्पीकरमधून यायचा, आता तो दोन स्पीकरच्या मधोमध, जमिनीपासून माणसाच्या उंचीवर उभा राहायला लागला. श्वास घेताना नाकपुडी वाजायची ती ऐकू यायला लागली. प्रियदर्शनी पोळ्या टाकून बाहेर आली, दारात उभी राहिली आणि पदर डोळ्याला लावून परत गेली. आणि ‘जा’नंतरचं ते सूंऽऽ आता वाळूइतकं मोकळं झालं, त्यातला कण न् कण वेगळा दिसावा तसं. खोकला होता. सायकलची घंटी होती. एक लेकरू रडत होतं आणि त्याला कुणीतरी गप करत होतं. एवढं सगळं होतं आणि बापाचा आवाज नव्हता. त्यानं बटण वाढवलं, कान जाळीला लावला, डोळे मिटून त्या सूंऽऽमध्ये खाली खाली उतरला, विहिरीत उतरतात तसा, आणि तळाला काही नव्हतं. मग गाव म्हणतं तेच खरं होतं. तोंड हललं असेल, पण गळा बसला असेल. भीतीनं. बापाच्या बाबतीत भीती हा शब्द त्यानं आजवर वापरला नव्हता. तो शब्द मनात आणल्याबद्दल त्याला स्वतःचा राग आला आणि तो राग, बराच काळ वाट पाहत असलेल्या पाहुण्यासारखा, सरळ भिंतीकडं गेला.

त्यानं स्पीकर ओढून सामाईक भिंतीला लावले, तोंड भिंतीकडं करून. रोज संध्याकाळी कामावरून आलं, हातपाय धुतले की ‘सांग गं विहिरी’. भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं. समोरचे कुलकर्णी एकदा आडून बोलले, सर, आवाज छान आहे, जरा जास्तच छान आहे. कल्याण मात्र काही बोलला नाही, भिडस्त माणूस. बुद्धभूषण रोज वाट पाहायचा की आता दार वाजेल, म्हातारा येईल, ‘मशीन बंद करा’ म्हणेल, आणि मग. मग काय बोलायचं ते त्यानं कॉलेजपासून पाठ केलं होतं. बदनापूरहून मोटारसायकलवर येताना हेल्मेटमध्ये तो ते मोठ्यानं म्हणायचा. दार वाजलं नाही. एक दिवस शालूवहिनीच कठड्यावरून म्हणाल्या की सर, तुमच्यामुळं बाबांना लई आराम हाय. रोज संध्याकाळी भिंतीला पाठ लावून बसतात, पाठीला शेक दिल्यासारखं वाटतं म्हणतात, उतारवयाचं दुखणं, मलमानंही एवढा फरक पडला नव्हता. ऐकायला तर काही येत नाही, मशीन धड चालत नाही ना. बुद्धभूषण आत आला आणि पलंगावर बसून राहिला. बहिऱ्याचा सूड घेता येत नाही. बापाचं तोडलेलं गाणं तो शत्रूच्या पाठीला शेकायला देत होता, आणि भिंतीपलीकडं टीव्ही कान फाटेस्तोवर चालू होता, झोपेतून उठल्यापासून दिवे मालवेपर्यंत, आणि मधूनमधून वहिनींचं चालू होतं, बाबा, ऐकू आलं का?

म्हणून त्यानं स्वतःच विचारलं. वहिनी, ती कानाची मशीन जरा दाखवा, मला त्यातलं थोडंफार कळतं. रविवारी सकाळी शालूवहिनी सासऱ्याला हाताला धरून घेऊन आल्या, खुर्चीत बसवून भाकरी तव्यावर आहे म्हणून परत गेल्या. यंत्र बुद्धभूषणच्या तळहातावर आलं. कोमट होतं, म्हाताऱ्याच्या अंगाच्या उबेनं. नळीत मळ घट्ट बसला होता. तो टाचणीनं काढताना, पिवळा, चिकट, आपल्याच पांढऱ्या रुमालावर पुसताना त्याला मळमळलं, आणि तरीही तो ते मन लावून करत होता, सोनार करील तसं. आवाज वाढवायला केवढी मोठी पेटी त्यानं आणली होती, आणि खरी लागणार होती ती ही एवढीशी. ती पायाखाली चिरडता आली असती. पण त्याला भुजंग पाटील बहिरा नको होता, ऐकता हवा होता. नवा सेल घातला आणि ते बोंड त्यानं स्वतःच्या हातानं त्या मोठ्या कानात बसवलं. म्हातारा दचकला, मग हसला. पंख्याचा आवाज येऊन राह्यला, म्हणाला. पुण्य लागंल सर तुम्हाला, सून दिवसभर वरडती बिचारी. बुद्धभूषणनं स्पीकर भिंतीपासून फिरवून खोलीकडं केले. आता नीट ऐका, म्हणाला, आणि कॅसेट लावली.

तातेराव खोलीत उभे राहिले. म्हातारा ऐकत होता. गुडघ्यावर बोटं ठेका धरायला लागली. बुद्धभूषण त्याच्या चेहऱ्याकडं पाहत होता, डोळ्याची पापणी न हलवता. आत्ता ओळखेल, आत्ता. “गळा गोड हाय,” भुजंग पाटील म्हणाला, “कोण हाय हा?” ओळख नव्हती. ज्या गळ्यावर त्यानं बोट ठेवलं होतं तो गळाच त्याला आठवत नव्हता. ज्याच्यासाठी एका घरानं आयुष्य उधळलं ते त्याच्या लेखी मशीनचं एक बटण होतं, आणि ते विसरून तो जेवला होता, झोपला होता, त्याला नातवंडं झाली होती. दुसरं कडवं सुरू झालं, धृपद आलं, सांग गं विहिरी, सांग मला, तुझ्या पाण्याची जा. आणि नुसतं सूंऽऽ.

म्हाताऱ्याचा हात चटकन कानाकडं गेला. त्यानं बोंड दाबलं, टिचकवलं. “बंद पडली,” तो म्हणाला. “सर, मशीन बंद पडली का माझी?”

सांगायला बुद्धभूषणनं तोंड उघडलं. नाही, तुमची चालू आहे, बंद पडली ती आमची, तुम्ही बंद केली ती, असं सगळं पाठ केलेलं जिभेवर होतं. पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांत त्यानं जे पाहिलं ते पाठात नव्हतं. भीती होती तिथं, उघडीवाघडी, पाण्यात पाय सुटलेल्या माणसाची. आणि मग बुद्धभूषणनं आवाज काढलाच नाही. नुसते ओठ हलवले. ‘जा’च्या पुढून उचललं, जात कोणती, आणि पुढचं कडवं, आणि त्याच्या पुढचं, शब्द सगळे येत होते त्याला. हात वर केला, खाली आणला, मान डोलावली. आवाज नाही. म्हातारा त्याच्या तोंडाकडं पाहत राहिला आणि दोन्ही हातांनी कान चाचपायला लागला, एक यंत्राचा, एक रिकामा. न्हाई, न्हाई, न्हाई येत काही, तो म्हणत होता, मोठ्यानं, बहिरी माणसं बोलतात तसं. बुद्धभूषणला गोड वाटलं. असं गोड त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, लग्नात नाही, पायल झाली तेव्हाही नाही, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. तो गातच राहिला.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

म्हाताऱ्याची मान झटक्यानं तिकडं वळली. मग सावकाश परत आली. त्यानं कानावरचे हात खाली घेतले आणि बुद्धभूषणच्या अजूनही हलणाऱ्या ओठांकडं, वर गेलेल्या हाताकडं पाहिलं, फार वेळ पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून एकेक वर्ष उतरत जावं तसं काहीतरी झालं.

“मशीन चालू हाय माझी,” तो म्हणाला. आणि मग, “तातेरावचा का तू?”

सर गेलं होतं, तुम्ही गेलं होतं. ‘तू’ आला होता, गावातला, ओसरीवरून खाली टाकलेला. बुद्धभूषणचे ओठ थांबले. हो म्हणावं लागलं नाही.

“त्यानंबी असंच केल्तं,” भुजंग पाटील म्हणाला. तो आता हळू बोलत होता, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येणाऱ्या माणसासारखा. “म्या मशीन बंद केली. म्हणलं, आता वरडंल, नाहीतर गप बसंल. दोन्हीला म्या तयार होतो. पण त्यो गातच राह्यला की. आवाज न काढता. मुद्दामच. मी हाताच्या अंतरावर बसेल, माझ्याकडं बघून गाऊन राह्यला. पेटीवालाबी तसाच, बोटं पळून राह्यलीत अन् सूर न्हाई. समोर माणसं बसेल, कोणी हूं का चूं न्हाई. मला वाटलं, माझे कानच गेले. अंगाला घाम सुटला मह्या. कडवं झालं बराबर, त्यानं हात जोडले, वाकला माझ्याकडं अन् एवढं बोलला, ‘पाटील, ऐकू आलं का?’” तो थांबला. “पळत घरी गेल्तो. बायकोला म्हणलं, बोल, काही बी बोल. तवापासून घरातला रेडिओ बंद होऊ दिला न्हाई म्या. खरंच कान गेले तवा वाटलं, लागला त्याचा तळतळाट. आता दिवसभर सगळे तेच इचारत्यात. ऐकू आलं का. ऐकू आलं का.”

सूंऽऽ चालू होतं. त्यात तो खोकला आला, ओळखीचा, आणि बुद्धभूषणला पहिल्यांदा कळलं की एवढ्या भरलेल्या मैदानात एक खोकला ऐकू यायचा तर बाकीचं मैदान किती गप्प असावं लागतं. ते गाणं पुरं झालं, भूषण. थापी धुता धुता वडिलांनी त्याला सरळ सरळ सांगितलं होतं आणि त्याला ऐकू आलं नव्हतं. तो भोंग्याखाली बसला होता. तेव्हाही, आणि नंतर आयुष्यभर. एकामागून एक मोठी मशीन आणून त्यानं जे वर काढायला पाहिलं ते बापानं मुद्दाम आवाजाच्या खाली ठेवलं होतं. आणि सूड. तो बापानं त्याच संध्याकाळी, जागच्या जागी, एक शब्द न बोलता घेऊन टाकला होता. मुलासाठी शिल्लक ठेवला नव्हता. त्याला अभिमान वाटला, आणि त्याच्याच बरोबरीनं, हातातला घास काढून घेतल्यासारखा रागही आला, बापाचा. पण म्हातारा समोर बसला होता, घामेजलेला, आणि त्याच्यावरचा राग अजून पुरता निवला नव्हता.

बुद्धभूषण उठला. त्यानं कॅसेट थोडी मागं घेतली आणि अॅम्प्लिफायरचं बटण हळूहळू फिरवत नेलं, आजवर कधी नेलं नव्हतं तिथपर्यंत. प्रियदर्शनी हात पुसत दारात येऊन उभी राहिली. तिनं दोघांकडं पाहिलं. तुझ्या पाण्याची जा, असं तातेराव खोलीभर म्हणाले.

भुजंग पाटलानं मान हलवली. “जातो,” तो पुटपुटला, खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकून उठायला लागला.

“बसा,” बुद्धभूषण म्हणाला. “गाणं चालू आहे.”